कोरियन भाषेतील दोन गणना : पार्श्वभूमी

कोरियन शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच दोन गणना पाठ कराव्या लागतात. हाना, तुल, सेत, नेत ही देशी गणना आणि इल, ई, साम, सा ही चिनी मुळाची. साडेतीनची वेळ सांगताना तास देशी आकड्याने आणि मिनिटे चिनी आकड्याने मोजली जातात. पाठ्यपुस्तके कोष्टक देऊन मोकळी होतात, पण हे कोष्टक जसे आहे तसे का आहे, हे राज्यकारभाराच्या इतिहासावाचून कळत नाही.

कोरियन द्वीपकल्पातील राज्यांचे लेखन शतकानुशतके चिनी लिपीत चालले. कोगुर्यो राज्याने 372 मध्ये चिनी ग्रंथांच्या अध्यापनासाठी विद्यालय स्थापले आणि कोर्यो राजवटीने 958 मध्ये चिनी धर्तीची नोकरशाहीची परीक्षा सुरू केली. जपानमधील नारा येथील शोसोइन भांडारात 1933 मध्ये सिल्ला राज्याच्या चार गावांची नोंदवही सापडली. तिच्यात माणसे, गुरे, घोडे, इतकेच काय तुतीची झाडेही मोजलेली आहेत आणि हे सारे चिनी लिपीत आहे. तारखा, कर, मापे, पैसा असे जे जे दप्तरात जाई, त्याला चिनी आकडे चिकटले. घरात आणि शेतात तोंडी मोजायच्या वस्तू, माणसे आणि वय यांच्यासाठी देशी आकडे टिकले, असे ढोबळमानाने म्हणता येते.

देशी गणना आज नव्याण्णववर संपते. पूर्वी ती तेथे संपत नव्हती. शंभराला 'ओन' आणि हजाराला 'जुमुन' असे देशी शब्द होते. बाराव्या शतकाच्या प्रारंभी कोर्योला आलेल्या चीनच्या सोंग दरबारच्या शिष्टमंडळातील सुन मू याने तेथील बोलीतील शब्द टिपून ठेवले. त्यांत शंभरासाठी देशी शब्द आहे, हजारासाठी मात्र चिनीच. राजा सेजोंगने 1446 मध्ये हंगुल ही कोरियन भाषेची स्वतःची लिपी जाहीर केल्यानंतरच्या ग्रंथांत 'जुमुन' आढळतो, म्हणजे तो लगेच मेला नव्हता. पुढे मात्र दोन्ही शब्द प्रचारातून गेले. मोठ्या संख्यांचे काम दप्तराचे असल्याने झीज वरून सुरू झाली, हे माझ्या मते सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे. म्हणूनच एकशे एक वस्तू मोजताना आजही शंभर चिनी आणि वरचा एक देशी, अशी मिश्र संख्या बोलली जाते.

देशी आकड्यांचे मूळ याहून गुंतागुंतीचे आहे. 1145 मध्ये पूर्ण झालेल्या 'सामगुक सागी' या इतिहासात कोगुर्योच्या प्रदेशातील जुनी स्थलनामे दिली आहेत. त्यांतून अभ्यासकांनी तीन, पाच, सात आणि दहा यांचे शब्द शोधून काढले. ते आजच्या कोरियनशी जुळत नाहीत, जुन्या जपानीशी मात्र जुळतात. याचा अर्थ काय लावावा, यावर एकमत नाही.

चिनी गणनेबरोबर चार-चार शून्यांचे गटही आले. दहा हजाराला 'मान' हे स्वतंत्र एकक असल्याने आपला एक लाख तेथे 'दहा मान' होतो आणि एक कोटी 'हजार मान'. कोरियन चलनातील किमती सहज हजारांत आणि दहा हजारांत जातात. तेव्हा लाख-कोटींत विचार करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने वॉनमधील किमती 'मान'मध्येच वाचण्याची सवय आरंभापासून लावून घ्यावी.