३.५५ आणि ४.१०: यातला 'मोठा' गिअर कोणता?

डेन्व्हरला राहणारा माझा मेहुणा कॅम्पर ओढायला वापरलेला पिकअप शोधतोय. परवा फोनवर म्हणाला, "दाजी, दोन फोर्ड एफ-१५० पिकअप बघितल्यात. २००६ च्या गाडीचा एक्सल रेशो ४.१० आहे आणि २०१८ च्या गाडीचा ३.५५. मोठा आकडा म्हणजे जास्त स्पीड ना?"

बरोबर उलटं. मागच्या एक्सलमध्ये, म्हणजे चाकांच्या आसात, पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक क्राऊन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १० असले की रेशो झाला ४.१०, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट चार वेळा फिरून वर थोडा अजून फिरतो तेव्हा कुठे चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. ३९ आणि ११ दात असले की ३.५५. सायकलवर चढ आला की आपण हलका गिअर टाकतो, पाय भराभर मारावे लागतात पण दम लागत नाही. ४.१० हा तसला हलका गिअर आणि ३.५५ त्यामानाने जड. इंग्रजीत ४.१० ला 'लो' गिअर म्हणतात, त्यामुळे अमेरिकेत जन्मलेली माणसंही इथे गोंधळतात. मेहुण्याचं काय घेऊन बसलात!

इथवर सोपं आहे, आणि इथेच बहुतेक लोक थांबतात. 'ओझं ओढायचंय? मग ४.१० घे', हा सल्ला गॅरेजमधले जुनेजाणते आजही देतात. तो खोटा नव्हता, पण चार स्पीडच्या, म्हणजे चारच गिअर असलेल्या गिअरबॉक्सच्या काळातला आहे.

एक्सलचा आकडा एकटा काम करत नाही, गिअरबॉक्सच्या आकड्याशी त्याचा गुणाकार होतो. २००६ च्या गाडीत चार स्पीडचा ऑटोमॅटिक आहे, त्याचा पहिला गिअर २.८४. गुणिले ४.१० केलं की साधारण ११.६. २०१८ च्या गाडीत इकोबूस्ट (फोर्डचं टर्बोवालं) इंजिनासोबत दहा स्पीडचा गिअरबॉक्स आहे, पहिला गिअर ४.७०. गुणिले ३.५५, म्हणजे जवळपास १६.७. 'जड' एक्सलची नवी गाडी उभ्या चढावर कॅम्पर हलवताना 'हलक्या' एक्सलच्या जुनीपेक्षा कितीतरी सोयीची पडणार.

आता दुसरं टोक बघा. ३२ इंची टायर, ताशी ७० मैल, दोन्ही गाड्या आपापल्या शेवटच्या गिअरमध्ये. जुनीचं इंजिन मिनिटाला सुमारे २,१०० फेरे मारतं, नवीचं १,६७० च्या आसपास. इंधनाचा खर्च आणि कानाला लागणारी घरघर दोन्ही तिथेच ठरतात.

मग एक्सल रेशो निवडण्यात अर्थच नाही का? आहे, पण एकाच गाडीच्या दोन पर्यायांत. कंपनी ओढण्याची मर्यादा एक्सल बघून ठरवते. ५.७ लिटर हेमी इंजिनाच्या रॅम १५०० या पिकअपमध्ये ३.२१ आणि ३.९२ या दोन एक्सलच्या मर्यादांत साधारण ३,००० पौंडांचा फरक पडतो. इंजिन तेच, दिसायला गाडीही तीच. एफ-१५० मधल्या ३.५५ आणि ३.७३ मध्ये मात्र फरक पाच टक्क्यांचा. दहा स्पीडच्या गाडीत तेवढ्यासाठी मी तरी अडून बसणार नाही.

डेन्व्हरची एक वेगळी अडचण आहे. शहरच मैलभर उंचीवर, आणि आय-७० ने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत ११,००० फुटांवर चढायचं. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन विरळ हवेत दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के ताकद गमावतं. बोगद्यापाशी तिसरा हिस्सा गेलेला असतो. जुन्या गाडीच्या ५.४ लिटर इंजिनाला तिथे ४.१० चा टेकू खरोखर लागतो. इकोबूस्ट टर्बोचं, त्याला उंची फारशी बाधत नाही.

"जुनी घेऊन पुढे एक्सल बदलला तर?" हाही प्रश्न आलाच. बदलता येतो, पण गाडी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही. रेशो वेगळे ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकलं तर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं. शिवाय हे काम हाताचं आहे. दातांवर पिवळी पेस्ट लावून क्राऊन फिरवायचं, ठसा दाताच्या मधोमध उमटतोय का बघायचं, नसेल तर पातळ शिम (चकती) काढायची-घालायची, परत फिरवायचं. ठसा कडेला राहिला की काही दिवसांत क्राऊन रडायला लागतं.

गाडीत नेमका कोणता एक्सल आहे ते विकणाऱ्याच्या तोंडी ऐकू नये. फोर्डच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात एक्सलचा दोन अक्षरांचा कोड. २०१८ च्या गाडीवर 'एल ९' निघाला. म्हणजे ३.५५, आणि वर लॉक होणारा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवता येणारा डिफरन्शियलही. लॉक हे वेगळं प्रकरण, रेशोशी त्याचा संबंध नाही, पण एकाच कोडात दोन्ही कोंबल्यामुळे लोक एकालाच दुसरं समजतात.

रात्री मेहुण्याने जुन्या गाडीचा फोटो पाठवला. मी आधी टायरची कड मोठी करून पाहिली. ३५ इंची! ३२ च्या हिशेबाने तो ४.१० प्रत्यक्षात ३.७५ वर आलेला, आणि मीटर कोणी जुळवून घेतला नसेल तर तो ६४ दाखवत असताना गाडी ७० ने पळत असणार. मालकाला विचार म्हटलं, मीटर जुळवून घेतलाय का. त्याने विचारलं. उत्तर आलं, "मीटरचं काय असतं?"