‘वीर गाथा’ निबंध स्पर्धा : पात्रता, कागदपत्रे आणि प्रवेशिका सादर करण्याची पद्धत

सैन्यदलांतील शौर्य पुरस्कार विजेत्यांच्या जीवनावर शालेय विद्यार्थ्यांनी लिहावे, या हेतूने संरक्षण मंत्रालय आणि शिक्षण मंत्रालय २०२१ पासून ‘वीर गाथा’ हा उपक्रम संयुक्तपणे राबवत आहेत. पहिल्या वर्षी सुमारे आठ लाख विद्यार्थ्यांनी त्यात भाग घेतला, तर २०२४ च्या चौथ्या आवृत्तीत ही संख्या पावणेदोन कोटींच्या घरात गेली. तरीही पुण्यातील पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘अर्ज कुठे मिळतो?’ हाच असतो. त्याचे उत्तर असे की, विद्यार्थ्याने किंवा पालकाने स्वतंत्रपणे भरावा असा अर्ज या स्पर्धेत नसतो. विद्यार्थी आपली प्रवेशिका शाळेत देतो, शाळा आपल्या पातळीवर स्पर्धा घेऊन एकूण चार उत्तम प्रवेशिका निवडते आणि त्या केंद्र सरकारच्या मायगव्ह संकेतस्थळावर चढवते. म्हणून शाळेत या उपक्रमाची जबाबदारी कोणत्या शिक्षकांकडे आहे, याची चौकशी सर्वांत आधी करावी.

इयत्ता तिसरी ते बारावीत शिकणारा विद्यार्थी या स्पर्धेस पात्र असतो. शाळा राज्य मंडळाची असो वा केंद्रीय मंडळाची, त्याने फरक पडत नाही. तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी-दहावी आणि अकरावी-बारावी असे चार गट असतात. पहिल्या गटाला दीडशे शब्दांचा आणि दुसऱ्याला तीनशे शब्दांचा परिच्छेद, तिसऱ्याला साडेसातशे शब्दांचा आणि चौथ्याला हजार शब्दांचा निबंध, अशी मर्यादा आजवर राहिली आहे. लेखनाऐवजी कविता, चित्र किंवा दृकश्राव्य सादरीकरणही चालते. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग पुष्कळदा वेगळ्या कनिष्ठ महाविद्यालयात असतात. अशा विद्यार्थ्याने प्रवेशिका जुन्या शाळेकडे न देता सध्या प्रवेश घेतलेल्या महाविद्यालयाकडेच द्यावी.

स्पर्धेची मुदत दरवर्षी बदलते. २०२३ मध्ये प्रवेशिका जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत घेतल्या गेल्या, तर २०२४ मध्ये १६ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर हा कालावधी होता. संकेतस्थळावरील अंतिम तारीख शाळेसाठी असते. विद्यार्थ्याला आपले लेखन त्याच्या बरेच आधी वर्गशिक्षकांकडे द्यावे लागते, शिवाय याच काळात सहामाही परीक्षा आणि गणेशोत्सव-दिवाळीच्या सुट्ट्या येतात, त्यामुळे व्यक्तीची निवड आणि वाचन पावसाळ्यातच उरकून घेणे शहाणपणाचे ठरते.

व्यक्तीची निवड ही या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक प्रवेशिका इथेच कमजोर पडतात. विषयांची यादी त्या वर्षीच्या परिपत्रकात दिलेली असते. आपला आदर्श असलेल्या शौर्य पुरस्कार विजेत्याकडून काय शिकलो, किंवा देशासाठी प्राण दिलेल्या विजेत्याची स्मृती कशी जपावी, असे विषय मागील आवृत्त्यांत होते. १८५७ च्या लढ्यातील आणि आदिवासी उठावांतील वीरांवरही लिहिण्यास वाव होता. जिथे विषयात ‘शौर्य पुरस्कार विजेता’ असे म्हटले आहे, तिथे निवडलेल्या व्यक्तीला परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, किंवा शांतताकाळातील अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र यांसारखा पुरस्कार मिळालेला आहे ना, हे संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कार संकेतस्थळावर पडताळून घ्यावे. विशिष्ट सेवा पदके ही दीर्घ व उत्तम सेवेबद्दल असतात. त्यांची गणना शौर्य पुरस्कारांत होत नाही.

ही अट किती बारकाईने वाचावी लागते, याचे एक उदाहरण देतो. मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झालेले जवान. त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रेरणादायी माजी सैनिक म्हणून त्यांच्याइतके योग्य नाव क्वचितच सापडेल, आणि शाळेच्या हस्तलिखितासाठी किंवा इतर निबंध स्पर्धांसाठी विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर अवश्य लिहावे. परंतु पद्मश्री हा नागरी सन्मान असल्याने शौर्य पुरस्कार विजेत्यांच्या विषयात त्यांचे नाव बसत नाही.

पुणेकर विद्यार्थ्याला जवळचे वाटेल असे नाव म्हणजे मेजर रामा राघोबा राणे. त्यांचा जन्म कारवारकडचा, मात्र ते लष्कराच्या अभियंता दलातील ज्या बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी होते त्यांचे केंद्र खडकीला आहे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या वाटेवरील सुरुंग आणि अडथळे दूर करण्याचे काम त्यांच्याकडे होते. शत्रूच्या माऱ्याखाली ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे जात राहिले. रणगाडा चालवणाऱ्याला ‘थांब’ आणि ‘चल’ हे इशारे ते दोरीने देत होते. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले वीर होत. निबंधात शौर्य, त्याग, देशप्रेम हे शब्द दहा वेळा आणण्यापेक्षा ही दोरी एकदा नीट वर्णन केली, तर परीक्षकाला त्या माणसाचे धैर्य आणि डोके दोन्ही दिसतील. पुणे हे जन्मस्थान असलेले सेकंड लेफ्टनंट अरुण क्षेत्रपाल, तसेच १९६५ मध्ये धारातीर्थी पडलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हे दोघेही पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे. त्यांच्या शौर्याचे वर्णन करणारी पुरस्काराची मानपत्रेही विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावीत. घोरपडीजवळील राष्ट्रीय युद्ध स्मारकाला पालकांसह एकदा भेट द्यावी.

परिसरातील एखाद्या पुरस्कार विजेत्या माजी सैनिकाशी प्रत्यक्ष बोलायचे असल्यास शाळेच्या पत्राद्वारे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे विचारणा करणे हा योग्य मार्ग आहे. मुलांनी थेट घरी जाऊन दार ठोठावू नये. भेटीत प्रश्न आदराने विचारावेत, ‘किती शत्रू मारले’ असा प्रश्न टाळावा, आणि छायाचित्र किंवा घरगुती आठवण वापरण्यापूर्वी त्यांची किंवा कुटुंबीयांची परवानगी घ्यावी. सेवेतील नातेवाइकांकडून ऐकलेली तुकडीच्या सध्याच्या ठिकाणाची माहिती निबंधात घालू नये.

कागदपत्रांचा भार या स्पर्धेत फारसा नाही. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, इयत्ता, जन्मतारीख आणि पालकांचा चालू भ्रमणध्वनी क्रमांक कागदावर लिहून शिक्षकांकडे द्यावा. शाळेने आपला अकरा अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), पत्ता आणि संबंधित शिक्षकांचा तपशील हाताशी ठेवावा. नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे तसेच द्यावे, कारण मराठी नावे इंग्रजीत लिहिताना एका अक्षराचा फरक सहज पडतो आणि प्रमाणपत्रावरील चूक नंतर दुरुस्त करून घेणे त्रासाचे होते. हस्तलिखित निबंध असेल तर समास सोडून, ठळक शाईने, एका बाजूने लिहावा आणि त्याची सावली न पडलेली, सरळ प्रत स्कॅन करावी. स्वीकारार्ह भाषा आणि धारिकेचा (फाइलचा) आकार परिपत्रकात पाहूनच अंतिम प्रत तयार करावी.

शाळेने पाठवलेल्या प्रवेशिकांचे मूल्यमापन आधी जिल्हा, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवर होते. विचारांतील स्वतंत्रपणा, मांडणी आणि विषयाशी सुसंगती यांना महत्त्व असल्यामुळे मोठ्यांनी लिहून दिलेला किंवा संगणकाकडून तयार करून घेतलेला मजकूर मुलांच्या नावावर पाठवणे हे अप्रामाणिक तर आहेच, पण त्यात मुलाचेच नुकसान आहे. जिल्हा पातळीवर प्रत्येक गटातून एक असे चार विजेते निवडले जातात. अलीकडच्या आवृत्त्यांत राष्ट्रीय पातळीवर शंभर विजेते निवडले गेले असून त्या प्रत्येकाला दहा हजार रुपयांचे रोख पारितोषिक आणि दिल्लीतील प्रजासत्ताक दिनाचे संचलन पाहण्याचे निमंत्रण मिळते. निकाल साधारणपणे प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर लागतो. तोपर्यंत निबंधाची एक प्रत आणि संदर्भांची वही घरी जपून ठेवावी, आणि शाळेत दिलेला भ्रमणध्वनी क्रमांक मधल्या काळात बदलला तर तो शिक्षकांना लगेच कळवावा.