मानवातील लिंगनिश्चिती

गर्भ मुलाचा की मुलीचा, याचा पहिला कौल शुक्राणू देतो. बीजांडात एक्स गुणसूत्रच असते. शुक्राणूत एक्स किंवा वाय. एक्सएक्स जोडी जुळली तर सहसा मुलगी, एक्सवाय जुळली तर सहसा मुलगा. ‘मुलीच होतात’ म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना शास्त्राचा आधार नाही.

एक्सची संख्या महत्त्वाची की वायचे अस्तित्व, हे १९५९ मध्ये उलगडले. टर्नर विकारात एकच एक्स असूनही शरीर स्त्रीचे, तर क्लाइनफेल्टर विकारात दोन एक्स आणि एक वाय असूनही शरीर पुरुषाचे असल्याचे दिसले. अर्थात वाय निर्णायक. त्याच्या आखूड भुजेवरचे एसआरवाय हे जनुक लंडनमधील संशोधकांनी १९९० मध्ये शोधले.

सहाव्या आठवड्यापर्यंत जननग्रंथी दोन्ही वाटांना मोकळी असते. पुढे गर्भाशय होऊ शकणाऱ्या म्युलेरियन आणि शुक्रवाहिनी होऊ शकणाऱ्या वुल्फियन, अशा दोन्ही नलिकाही गर्भात असतात. याच सुमारास एसआरवाय थोडाच काळ चालू होते आणि १७ व्या गुणसूत्रावरील सॉक्स९ या जनुकाला जागे करते. त्यातून शुक्राणूंना आधार देणाऱ्या सर्टोली पेशी आणि वृषण घडतात. सर्टोली पेशींचे एएमएच संप्रेरक म्युलेरियन नलिका नाहीशा करते. वृषणातल्याच लायडिग पेशींचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वुल्फियन नलिका टिकवते. बाह्य जननेंद्रियासाठी मात्र टेस्टोस्टेरॉनचे आधी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे अधिक प्रभावी रूप व्हावे लागते. बीजांडकोश ‘काहीच घडले नाही’ म्हणून तयार होतो, ही जुनी समजूत अपुरी आहे. त्यासाठी डब्ल्यूएनटी४, आरएसपीओ१ ही जनुके काम करतात.

साखळी कुठे तुटली यावर परिणाम ठरतो. वडिलांच्या शुक्राणूनिर्मितीत एसआरवाय एक्सवर गेले, तर एक्सएक्स पुरुष जन्मतो. वायवरील इतर जनुके नसल्याने त्याच्यात शुक्राणू तयार होत नाहीत. स्वायर विकारात एक्सवाय असूनही वृषण घडत नाही, म्हणून एएमएचही नाही आणि गर्भाशय शाबूत राहते. अविकसित ग्रंथींत गाठीचा धोका असल्याने त्या सहसा काढतात. अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरक)-असंवेदनशीलतेत एक्सवाय असते, वृषण असते, एएमएचही असते, म्हणून गर्भाशय नसते. पण टेस्टोस्टेरॉनचा संदेश घेणारे पेशीतले प्रथिन, म्हणजे ग्राही, निकामी असल्याने बाह्य शरीर स्त्रीचे होते. या दोन विकारांपैकी एकेक असलेल्या, पाळी न आलेल्या दोन मुलींचा गुणसूत्र-अहवाल एकच, सोनोग्राफी मात्र वेगळी, ती यामुळे.

नवजात बाळाचे जननेंद्रिय संदिग्ध दिसल्यास रक्तातील १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासतात आणि सोडियम-पोटॅशियमवर लक्ष ठेवतात. कारण मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या जन्मजात विकारात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्षार कमी होऊन बाळ दगावू शकते. गुणसूत्र-अहवालासाठी थांबून उपचार लांबवत नाहीत.