जास्वंदीचा तानपुरा आणि शंभर पिकोफॅरडची माणसं

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या मांडवात कुंडीतली एक जास्वंद गात होती. पानाला बोट लावलं की तानपुऱ्याचा षड्ज घुमायचा आणि मागच्या पांढऱ्या चादरीवर केशरी रेषा पसरत जायच्या. बोट काढलं की सगळं शांत. हा उद्योग माझ्या भाचीचा. ती चित्रकला शिकते. मूळ बेत तुळशीचा होता, पण गणपतीला तुळस चालत नाही असं दोन आज्यांनी बजावलं, म्हणून जास्वंद आली. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ फिरला. खाली मजकूर: ‘भक्ताच्या स्पर्शातली स्पंदनं वनस्पतींना कळतात, हे आता विज्ञानानेही मान्य केलं आहे.’

मी भौतिकशास्त्राचा मास्तर, त्यात मुलीचा मामा. गप्प बसवेना. संध्याकाळच्या आरतीआधी आम्ही कुंडीतली तार उपसून एका वांग्यात खुपसली. वांगं गायलं. मग ओलं पोतेरं. तेही त्याच षड्जात गायलं. पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या गायला. प्लास्टिकचं फूल तेवढं मुकं राहिलं. मजकूर टाकणारे काका म्हणाले, “म्हणजे पाण्यात ऊर्जा असते!” यावर काय बोलणार?

वनस्पतींमध्ये विजेचे संकेत नसतातच, असं मला मुळीच म्हणायचं नाही. लाजाळू मिटते ती अशाच संकेतामुळे, आणि जगदीशचंद्र बोस यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी वनस्पतींमधले असे प्रतिसाद मोजून दाखवले होते. पण आमच्या कुंडीतली तार ते संकेत मोजतच नव्हती. ती मोजत होती माणसाला. जास्वंद, वांगं आणि पोतेरं ही नुसती ओली, वीज वाहून नेणारी दांडी.

आता माझ्या आवडीचा भाग. पेठेतल्या जुन्या वाड्यात राहिलेल्यांना तो लगेच कळेल. नळाला करंगळीएवढी धार, खाली बादली. बादली अर्धी भरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. समजा कोणी गुपचूप बादलीच्या बुडाला नळी लावून ती शेजारच्या मोठ्या पिंपाला जोडली, तर तीच धार, तीच खूण, पण वेळ कितीतरी जास्त. पिंप डोळ्यांनी न बघताही नुसत्या घड्याळावरून तुम्ही सांगाल की काहीतरी जोडलं गेलंय.

आर्डुइनो नावाच्या, प्रोग्राम लिहून चालवता येणाऱ्या छोट्या बोर्डावर नेमकं हेच करतात. एका पिनमधून पाच व्होल्ट सोडायचे, ते दहा लाख ओहमच्या रेझिस्टरमधून दुसऱ्या पिनपर्यंत न्यायचे. ही झाली बारीक धार. दुसऱ्या पिनला कुंडीतली तार जोडायची. ही बादली. दुसऱ्या पिनवरचं व्होल्टेज अडीचच्या आसपास चढलं की बोर्ड म्हणतो ‘भरलं’. तिथवर किती वेळ लागला तो आकडा लिहायचा, बादली ओतून रिकामी करायची, पुन्हा सुरू.

पिंप म्हणजे तुम्ही. शाळेत कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी वस्तू, शिकताना दोन पत्रे समोरासमोर काढलेले असतात, त्यामुळे आपणही एक पत्रा आहोत हे कुणाच्या डोक्यात येत नाही. अंगात खारट पाणी, भोवती हवा, पायाखाली चप्पल किंवा फरशी आणि त्याखाली जमीन, हाच दुसरा पत्रा. माणसाची धारकता, म्हणजे भार साठवायची क्षमता, साधारण 100 पिकोफॅरड धरतात. पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. इथे मला एक आडवाट मोहात पाडते. एकट्या गोळ्याची धारकता त्याच्या त्रिज्येवर ठरते. त्या सूत्रात पृथ्वीची त्रिज्या, 6371 किलोमीटर, घातली तर उत्तर येतं फक्त 710 मायक्रोफॅरड! पुण्यातल्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अंगठ्याएवढा मिळतो. सगळी पृथ्वी त्याच्यापुढे उणी. फॅरड हे एकक किती अवाढव्य आहे ते यावरून कळावं.

तर गणित. नुसत्या कुंडीचे 30 पिकोफॅरड धरा. दहा लाख ओहम गुणिले 30 पिकोफॅरड म्हणजे 30 मायक्रोसेकंद. अर्ध्या व्होल्टेजपर्यंत चढायला त्याच्या 0.69 पट, म्हणजे सुमारे 21 मायक्रोसेकंद. माणसाचे 100 पिकोफॅरड मिळाले की 130 चे सुमारे 90 मायक्रोसेकंद. बोर्डाचं घड्याळ सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोके देतं. म्हणजे स्पर्शाआधी 330 च्या आसपास ठोके, स्पर्शानंतर साडेचौदाशेच्या घरात. या फरकात षड्ज आहे. (मोजताना शिकाऊ मंडळींच्या सवयीची ‘डिजिटलरीड’ ही आज्ञा वापरू नका, ती स्वतःच काही मायक्रोसेकंद खाते. पिनचं रजिस्टर थेट वाचावं लागतं. हे वाक्य कळलं नाही तरी पुढे चला.)

घरच्या टेबलावर हे झकास चाललं. मांडवात आणलं, बोर्ड पॉवर बँकेवर लावला आणि जास्वंद मुकी झाली. भाची रडकुंडीला आली. “मामा, तू म्हणालास आकडा चौपट होतो, इथे तर जेमतेम हलतोय!” चूक माझीच होती. घरी लॅपटॉप चार्जरला होता, त्यामुळे बोर्डाचं ‘शून्य’ भिंतीतल्या वायरिंगमधून जमिनीशी बांधलेलं होतं. पॉवर बँकेवरचा बोर्ड अधांतरी. तुमच्या अंगात जाणाऱ्या विद्युतभाराला परतीची वाट लागते, आणि इथे ती बोर्ड ते जमीन या इवल्याशा धारकतेतून होती. कपॅसिटर एकापुढे एक जोडले की लहान असतो तोच भाव खातो. उपाय स्वस्त निघाला. प्रेक्षक उभे राहतात तिथे सतरंजीखाली स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पसरली आणि ती बोर्डाच्या ग्राउंडला, म्हणजे त्या ‘शून्या’ला, जोडली. मांडवात लोक चपला काढूनच येतात, त्यामुळे तळवा आणि फॉइल यांच्यात नुसती सतरंजी राहिली. अंतर कमी, धारकता जास्त. जास्वंदीला कंठ फुटला. हे वाचून वीजबोर्डातल्या अर्थिंगच्या भोकात कुणी तार खुपसू नये, एवढी विनंती.

दुसरी कटकट पन्नास हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं करणाऱ्या घरगुती विजेची. मांडवभर लोंबणाऱ्या माळांची वायर आपल्या अंगात बारीकशी गुणगुण भरते, तिने आकडे नाचतात. पन्नास हर्ट्झचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. म्हणून बरोबर 20 मिलिसेकंदांत शंभरएक मोजण्या घ्यायच्या आणि सरासरी काढायची. चढ आणि उतार एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. सेकंदाला असे 50 स्वच्छ आकडे मिळतात.

तिसरी पावसाची. भाद्रपदातली सर आली, कुंडी भिजली की कोणीही हात न लावता आकडा वर सरकतो. मग ‘चारशेच्या वर गेलं की वाजव’ असा ठोकळेबाज नियम चालत नाही. प्रोग्रामला स्वतःची पायरी, म्हणजे ‘कोणी हात लावलेला नाही’ असं समजायचा आकडा, हळूहळू बदलू द्यावी लागते: जुनी पायरी गुणिले 0.999, अधिक नवा आकडा गुणिले 0.001. सेकंदाला 50 आकडे असतील तर ही पायरी साधारण 20 सेकंदांत नव्या परिस्थितीला सरावते. पावसाला हे उत्तम. पण एका चिमुरडीने पान धरलं ते सोडेचना. अर्ध्या मिनिटात प्रोग्रामला वाटलं, जगच असं आहे. आवाज विरत गेला. ती म्हणाली, “रुसली.” मी ही त्रुटी काढायला बसलो, भाचीने माझा हात धरला. “राहू दे. हेच हवं होतं.” मग तिने दोन तास घालवले ते त्या 0.001 शी खेळण्यात. किती वेळाने रुसावं, किती पटकन मनावं. मला तोवर तो नुसता फिल्टर वाटत होता.

या सगळ्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही, कारण ही साधनं कलाकारांसाठीच घडली. चित्रं काढणारी प्रोसेसिंग ही भाषा 2001 मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये सुरू केली. तिच्या धर्तीवर एर्नान्दो बारागान यांनी इटलीतल्या इव्रेयाच्या डिझाइन संस्थेत 2003 मध्ये ‘वायरिंग’ नावाचा बोर्ड आणि त्याची भाषा केली, आणि 2005 मध्ये त्याच गावी आर्डुइनो जन्मला. हात न लावता वाजणारं थेरेमिन हे वाद्य तर त्याआधीचं, 1920 च्या सुमाराचं, आणि तेही माणसाच्या धारकतेवरच चालतं. सामान तापकीर गल्लीत मिळतं. काउंटरवर ‘दहा लाख ओहम’ म्हणू नका, ‘वन मेग’ म्हणा. तपकिरी, काळा, हिरवा पट्टा. आधी बोर्ड घेऊन एक दिवा लुकलुकवा, मग आकडे नुसते पडद्यावर बघा, आवाज-चित्रं नंतर. भाचीने पहिले चार दिवस फक्त आकडे बघितले होते.

आणि ‘वनस्पतींचं अंतःसंगीत’ म्हणून परदेशी यंत्रं विकली जातात त्याबद्दल. ती पानातून जाणाऱ्या विजेतले चढउतार मोजतात, इथवर खरं. पण त्या आकड्यांना सुरात बसवतो तो प्रोग्राम. भूपाचे पाच स्वर ठरवून दिले, तर रिक्षाच्या मीटरचे आकडेसुद्धा कानाला गोड लागतील. आम्ही सोसायटीच्या वीजबिलांचे आकडे घालून बघितले. छान वाजली. भरताना मात्र नाही.

आता भाचीला पान, देठ आणि फूल यांना लावलेल्या हाताला वेगवेगळा सूर हवाय, तोही एकाच तारेवरून. डिस्ने रिसर्चच्या मंडळींनी 2012 मध्ये असं करून दाखवलं होतं: एकाऐवजी अनेक फ्रीक्वेन्सी एकामागून एक सोडायच्या आणि प्रत्येकीला मिळणारा प्रतिसाद टिपायचा. त्यासाठी एक छोटा इंडक्टर, म्हणजे तारेचं वेटोळं, लागतो. शनिवारी तापकीर गल्लीत मागितला, तर दुकानदाराने शांतपणे ट्यूबलाइटची जुनी चोक काढून काउंटरवर आपटली. इंडक्टरच तो. फक्त कुंडीपेक्षा जड.