कीटन, बस्टर
(४ ऑक्टोबर १८९५ – १ फेब्रुवारी १९६६). अमेरिकन मूकपटांतील विनोदी नट व दिग्दर्शक. मूळ नाव जोसेफ फ्रँक कीटन. जन्म कॅन्सस राज्यातील पिक्वा येथे. आई-वडील व्होडव्हिल म्हणजे फिरत्या रंजनखेळांतले कलावंत. ‘थ्री कीटन्स’ या त्यांच्या खेळात बाप पोराला उचलून रंगमंचभर फेकायचा. धरायला सोपे जावे म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीवर चक्क बॅगेची मूठ शिवलेली असे. आपटताना अंग कसे सांभाळायचे ते तो इथेच शिकला. आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हेही त्याला इथेच कळले. पुढे जगप्रसिद्ध झालेला त्याचा मख्ख चेहरा त्यातूनच आला.

१९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विनोदी नट-दिग्दर्शक रॉस्को आर्बकलने त्याला चित्रपटात घेतले. कॅमेरा आतून कसा चालतो, ही कीटनची पहिली चौकशी. १९२० पासून जोसेफ शेंक या निर्मात्याच्या पाठबळावर त्याचे स्वतःचे पथक उभे राहिले. कथेची सुरुवात आणि शेवट ठरला की चित्रण सुरू; मधला भाग सेटवर सुचेल तसा. अडले की सगळे बेसबॉल खेळायला मोकळे.

‘द प्लेहाउस’मध्ये (१९२१) पडद्यावर एकाच वेळी नऊ कीटन दिसतात. त्यासाठी भिंगापुढे नऊ उभ्या झडपांची पेटी बसवली होती. एक झडप उघडायची, चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची आणि पुढची झडप उघडायची, असे नऊ वेळा. कॅमेरा हाताने फिरवावा लागे. एखाद्या फेरीत वेग जरा बदलला तरी तो कीटन इतरांच्या तालातून सुटणार. कॅमेरामन एल्जिन लेसलीचा हात स्थिर होता म्हणून हे जमले. कीटनच्या विनोदाला सुतारकाम म्हणणे जास्त योग्य.

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मधील (१९२८) कोसळणारी भिंत हे त्याचे टोकाचे उदाहरण. वादळात घराची दर्शनी भिंत अंगावर येते आणि वरच्या उघड्या खिडकीच्या चौकटीतून तो सहीसलामत राहतो. वाऱ्याच्या यंत्रांच्या झोतात हलकी भिंत पिळवटली असती, म्हणून ती मुद्दाम जड बांधली होती. मोकळी जागा, त्याच्याच सांगण्यानुसार, दोन्ही खांद्यांना दोन-दोन इंच. पाय खुणेवरून हलले की संपले.

‘द जनरल’साठी (१९२६) ओरेगनमधील कॉटेज ग्रोव्हजवळ खरी वाफेची इंजिने चालवली. इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर तो खिन्न बसलेला असतो आणि इंजिन सुटते. दृश्य साधे, धोका मोठा: चालकाने वाफ जोरात सोडली तर चाके जागच्या जागी गरगरतात आणि दांडा बसलेल्याला भिरकावतो. जळत्या पुलावरून नदीत कोसळणारे इंजिनही खरेच. ते पुढे अनेक वर्षे पात्रात पडून होते. एवढे करून चित्रपट तेव्हा चालला नाही.

दुसऱ्याला आपल्या जागी क्वचितच उभे केले. ‘कॉलेज’मधील (१९२७) बांबूच्या आधाराने खिडकीत घेतलेली उडी मात्र ऑलिंपिक विजेत्या ली बार्न्सची.

चपटी टोपी तो स्वतः बनवी. चांगली फेल्ट हॅट कापून ठेंगणी करायची, चहाच्या कपभर कोमट पाण्यात तीन चमचे शीग लावून साखर विरघळवायची, काठ दोन्ही बाजूंनी भिजवून सपाट, कडक पृष्ठावर दाबून वाळवायचा. मारामारीत आणि पाण्यात टोप्यांची वाट लागे, म्हणून बऱ्याच लागत.

१९२८ मध्ये तो एमजीएम या बड्या हॉलिवूड चित्रपट कंपनीकडे गेला. इथे संहिता आधी कागदावर पाहिजे आणि महागड्या नटाने जिवावरच्या उड्या मारायच्या नाहीत. पहिला ‘द कॅमेरामन’ उत्तम निघाला. नंतर पथक विखुरले. बोलपटांनी पैसा कमावला, हे विसरता कामा नये, पण त्यांत कीटनचे काही उरले नव्हते. दारू वाढली, नताली टालमेजशी झालेले लग्न १९३२ मध्ये मोडले, पुढच्या वर्षी कंपनीने काढले. नंतर तिथेच तो इतरांसाठी विनोद रचून देण्याचे काम करी. १९४० मध्ये एलिनॉर नॉरिसशी लग्न झाल्यावर घडी बसली. १९५० च्या दशकात जुन्या प्रती सापडून पुन्हा दाखवल्या जाऊ लागल्या. १९६० मध्ये मानद ऑस्कर मिळाले.

१९६४ मध्ये नाटककार सॅम्युएल बेकेटच्या ‘फिल्म’ या लघुपटात तो जवळजवळ शेवटपर्यंत कॅमेऱ्याला पाठमोरा आहे. डोक्यावर मात्र तीच चपटी टोपी. फुप्फुसाच्या कर्करोगाने कॅलिफोर्नियातील वुडलँड हिल्स येथे त्याचे निधन झाले.