फॅक्टरीचा कायदा, शेतातलं मूल: विदर्भातल्या बालमजुरीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात बालमजुरीची चौकशी केली तर "आमच्याकडं तसं काही नाही" असंच उत्तर बहुतेक वेळा मिळतं, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. बालमजूर म्हटलं की त्याच्या डोळ्यापुढं शहरातल्या हॉटेलात कपबशा विसळणारा पोऱ्या येतो. दसऱ्यानंतर आईच्या मागं कापूस वेचायला जाणारी पोरगी, गावाची ढोरं राखणारा पोरगा, मे महिन्यात तेंदूची (विडीच्या पानांची) पुडकी बांधत बसलेली भावंडं, यांना कोणी मजूर म्हणत नाही. कायद्यानंही त्यांच्याकडं जवळपास असंच पाहिलं.

वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात चढला तो अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोचली, मग जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यांची, धुराडी गावोगाव उभी राहिली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यानं सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांचं पोर नऊ तास, आणि ही सुधारणा! तीसुद्धा शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांपुरतीच. जिनिंग म्हणजे हंगामाचं काम. हंगाम आटोपला की सरकी काढणारे रेचे बंद. त्यामुळे ज्या कारखान्यात वऱ्हाडातलं मूल सापडण्याची शक्यता सर्वाधिक, तोच कायद्याच्या व्याख्येतून निसटत होता. हंगामी कारखाने कायद्यात यायला १९११ उजाडलं.

शेतात तर इन्स्पेक्टर जायचा प्रश्नच नव्हता. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल पाडव्याला ठरायचं, पण घरातली सगळीच माणसं कमी-अधिक प्रमाणात मालकाच्या कामात ओढली जायची. बायको निंदणाला, पोरगा ढोरांमागं. कर्ज असलं की पोराचं राबणं फेडीतच धरलं जाई. मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्ध १९३३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही चाल देशभर किती रुळली होती ते कळतं. वेठबिगारी कायद्यानं संपली ती १९७६ मध्ये. गाडगेबाबांचं लहानपण मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्यात, आजोळी, गुरं राखण्यातच गेलं. पुढं कीर्तनातून ते पोरांना शिकवा म्हणून का बजावत राहिले, ते यावरून समजतं.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं नेमकं हेच मांडलं होतं. शेतकऱ्याला गुरं राखायला आणि शेताकडं पाहायला पोरं लागतात, म्हणून ती शाळेत येत नाहीत. तेव्हा निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा आणि गरिबांच्या मुलांना शिष्यवृत्त्या, बक्षिसं द्या. सक्ती आणि भरपाई दोन्ही हवी, हे इतक्या आधी सांगून झालं होतं. मध्य प्रांतात, म्हणजे विदर्भ तेव्हा ज्या ब्रिटिश प्रांतात होता तिथं, १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, पण सक्ती लागू करायची की नाही हे स्थानिक संस्थांवर सोडलं. जिथं शेतमालकांचंच वजन, तिथं ही सक्ती किती जोमानं झाली असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

भंडारा-गोंदियाकडची विडी ही वेगळी गोष्ट. तिथं कारखाना होता, पण भोंगा नव्हता. फॅक्टरी कायद्याबाहेर राहिलेल्या विडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या कारखान्यांसाठी मध्य प्रांतानं १९३७ मध्ये खास कायदा केला. देशात असे प्रयत्न तेव्हा फारसे नव्हते, त्याचं श्रेय द्यायला हवं. पुढच्याच वर्षी केंद्रानं बालकामगार कायदा आणला आणि विडी त्याच्या यादीत घेतली. मात्र सोबत एक सवलत आली: घरच्या माणसांच्या मदतीनं चालणाऱ्या कामाला ही बंदी नाही. पुढं काय झालं ते उघड आहे. पान आणि तंबाखू घरी येऊ लागले, पोरं दोरा बांधू लागली, पानं कातरू लागली आणि हजार विड्यांची मजुरी आईच्या नावावर पडू लागली. १९६६ च्या विडी कायद्यानंही घरात स्वतःचं काम करणाऱ्या कुटुंबाला बाहेर ठेवलं, १९८६ च्या बालकामगार कायद्यानंही. २०१६ मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी झाली, तरी शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या व्यवसायात मदत करायची मोकळीक राहिलीच. आता विदर्भातल्या सुट्ट्या पाहा: दिवाळीची सुट्टी ऐन वेच्यात, उन्हाळ्याची ऐन तेंदूत.

या इतिहासात वर्ध्याचं नाव वेगळ्याच कारणानं येतं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथं शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम पुढं आली. सात ते चौदा वयाच्या मुलांना मातृभाषेतून, मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही सूतकताईसारख्या एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं. मुलांच्या हातून होणाऱ्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती. तिथंच खटका उडाला. शाळेचा माल बाजारात कारागिराच्या मालाशी स्पर्धा करील, अशी हरकत अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी घेतली. योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकिर हुसेन समितीनंही आपल्या अहवालात बजावलं की शिक्षण बाजूला पडून मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याकडं शिक्षकांचा कल होण्याचा धोका उघड आहे. हा इशारा मला आजही महत्त्वाचा वाटतो. हाताला काम शिकवणं आणि हाताचं काम विकणं यांतली सीमा पगाराचा हिशेब मध्ये आला की पुसट होते. सरकारी शाळांत नई तालीम पुढं कार्यानुभवाच्या तासापुरती उरली, सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा हा अपवाद.

मुलं शेतातून शाळेत आली ती कशानं? माझ्या मते धाडी आणि दंडापेक्षा रोजगार हमी आणि शाळेतल्या खिचडीनं हे काम जास्त केलं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमीची कामं मोठ्या प्रमाणावर काढली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला. बापाला उन्हाळ्यात गावाजवळ काम मिळालं तर बिऱ्हाड हलत नाही आणि बिऱ्हाड हललं नाही तर पोरगं शाळेत राहतं. जिथं हे काम वेळेवर निघत नाही, तिथं उलटं होतं. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. दुसऱ्या सत्राचा मोठा भाग त्यातच जातो. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण मुलाला मागं ठेवायचं तर सांभाळणारी आजी घरी लागते. मुली शाळेत टिकाव्यात म्हणून १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. एका रुपयात वेच्याची बरोबरी होणार नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजलेलं अन्न मिळू लागलं, त्याचं वजन जास्त पडलं.

गडचिरोलीत आणखी एक वाट निघाली. मेंढा (लेखा) गावानं सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा हक्क, मिळवून २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली आणि नंतर अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. सत्तर पानांच्या पुडक्यामागं मिळणारा पैसा आणि वरचा बोनस गावात राहू लागला. पोरं अजूनही पहाटे आईबापांबरोबर जंगलात जातात, ते थांबलेलं नाही. पण जून उजाडला की वह्या-पुस्तकांसाठी ठेकेदाराच्या उचलीकडं पाहावं लागत नाही.

उरलेला पेच चौदा ते अठरा वयाचा आहे. शिक्षण हक्क कायदा चौदाला थांबतो. २०१६ च्या कायद्यानं या वयाच्या मुलांना फक्त धोकादायक कामांतून वगळलं. रोजगार हमीचं जॉब कार्ड अठराला. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सुरुवातीला सहा महिने दरमहा सहा ते दहा हजारांचं विद्यावेतन ठरलं, तिचीही अट अठरा वर्षं आणि किमान बारावी. शिकाऊ उमेदवारी चौदापासून घेता येते, पण त्यासाठी आस्थापना, म्हणजे कारखाना किंवा कंपनी, लागते आणि ती नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत असते, पांढरकवड्याच्या आडगावात नाही. आयटीआयचे काही व्यवसाय आठवी पासवर शिकता येतात, पण तालुक्याच्या गावी रोज जायला एसटी वेळेवर हवी. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींसाठी गाड्या सुरू झाल्या, नववी-दहावीत गळणाऱ्या पोरांचा विचार त्यात नाही. मग सोळा वर्षांच्या पोरापुढं उरतं ते फवारणीचं काम. त्याची मजुरी निंदणापेक्षा जास्त असते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, तेव्हा मास्क आणि हातमोज्यांची चर्चा खूप झाली. पाठीवरचा पंप कोणत्या वयाच्या माणसानं उचलावा, हे कामावर बोलावणाऱ्याला कोणी विचारलं नाही, आणि त्याच्याकडं हजेरीची वही नसल्यानं ते तपासण्याची सोयही नव्हती.