फायबरची गाडी गंजत नाही?

गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार विकायला निघाली, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'फायबर बॉडी आहे, गंजायचा प्रश्नच नाही.' यावर विसंबू नका. बॉडी गंजत नाही, पण खालचा सांगाडा लोखंडीच! किनाऱ्यावरची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्याला पोखरतो, वर रंग मात्र चकाकत राहतो. गाडी लिफ्टवर चढवायला लावाच. वेल्डिंगचे सांधे, सस्पेन्शनच्या जोडण्या स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पापुद्रे सुटले तर सौदा सोडा. इंजिनाची तेवढी धास्ती नको: ११४९ सीसीचं हे रेनॉचं इंजिन युरोपातल्या क्लिओ, ट्विंगोतही होतं. आरसीला १५ वर्षं उलटली असतील, तर नूतनीकरण झालंय का तेही तपासा.